टर्पेंटाईनच्या डब्यात गावचं पाणी

लातूर

लोक प्रवासाला जातात ते काहीतरी बघायला. मला पाणी आणायला पाठवलं होतं. साल दुष्काळाचं, आणि जिथून पाणी आणायचं ते आमचं गाव लातुरापेक्षा कोरडं. तरी मी गेलो आणि आलो. लातूर-नांदेड रस्त्यानं कधी न गेलेल्यांसाठी लिहून ठेवतो. माझी शाळा सहावीत सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला, याचा निकाल अजून लागलेला नाही. तेव्हा चूकभूल सांभाळून घ्या. आजवर सगळ्यांनी सांभाळूनच घेतलंय मला, त्याबद्दल आधीच आभार मानतो.

त्या साली लातूर नुकतंच उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांना खुर्च्या यायच्या होत्या, साहेब यायचे होते, नळाला पाणी तर यायचंच होतं. पण बोर्ड मात्र ताबडतोब पाहिजे होते. प्रत्येक गावाच्या वेशीला, शाळेला, चावडीला ‘जि. उस्मानाबाद’ पुसून ‘जि. लातूर’ लिहायचं होतं. हे काम पाशाउस्तादांकडं होतं. उस्ताद लातूरचे पिढीजात पेंटर. त्यांच्याकडं गंगादादा अक्षरं लिहायचा आणि मी ब्रश धुवायचो.

गंगादादा आमच्या गावचा, तिकडं नांदेड जिल्ह्यातला, आमच्याच बौद्धवाड्यातला, माझ्याहून मोठा. त्यानंच मला लातुरात आणलं. अक्षर असं सुरेख, की ‘शौचालय’ लिहिलं तरी माणूस दोन मिनिटं उभा राहून बघायचा. आम्ही दोघं शेवंताअक्कांच्या वाड्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो.

गावं जागची हलली नाहीत आणि एका सकाळी परजिल्ह्यात जाऊन पडली, याची मला तेव्हा फार गंमत वाटायची. नव्या जिल्ह्यात करमतंय का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. आम्हालाही कुणी विचारलं नव्हतं. पण आम्ही स्वतःच्या पायांनी आलो होतो, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती.

मग एक दिवस औशाच्या रस्त्यावर गंगादादानं पांढऱ्या बोर्डावर काळ्याभोर अक्षरांत लिहिलं: ‘औसा, जि. नांदेड’.

शेजारचा चहावाला हातातली किटली तशीच धरून बघत राहिला. म्हणाला, “अहो पेंटर, कालपर्यंत आम्ही उस्मानाबादेत होतो. आज लातुरात आलो. आता कुठं घेऊन चाललाव आम्हाला?”

उस्ताद हसले. पुसून दिलं. दोन दिवसांनी दुसरं एक गाव नांदेडला गेलं. मग तिसरं गेलं ते शाळेसकट. गंगादादाला विचारावं तर तो बोर्डाकडं बघायचा, आमच्याकडं बघायचा आणि ब्रश धुवायला बसायचा. ब्रश धुणं माझं काम होतं, ते तो करायला लागला, म्हणून मला जास्त धडकी भरली. हळूहळू त्यानं बोलणंच सोडलं. ताट पुढं सरकवलं की जेवायचा. न सरकवलं तर तसाच बसायचा.

बांधकाम खात्याच्या साहेबांनी उस्तादांना बोलावून सांगितलं, “अजून एक गाव नांदेडला गेलं, तर काम दुसऱ्या पेंटरला देतो.”

मग उपाय सुरू झाले. वाड्यात जो येईल त्याला रोग कळत होता. शेवंताअक्का म्हणाल्या, लग्न करा. समोरचे गुरुजी म्हणाले, व्यायाम नाही, त्यामुळं होतं. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, उष्णता चढली, आणि त्यानं गंगादादाची हजामत करून टाकली. तो गप्प होता, आता गप्प आणि टकला झाला. डॉक्टरनं जीभ बघितली, ताकदीची लाल सुई टोचली आणि विचारलं, “काळजी करतोस का काही?” गंगादादा बोलेना, म्हणून घाईघाईनं मीच म्हणालो, “न्हाई साहेब, आम्ही मजेत हाव.” डॉक्टरनं माझ्याकडं नीट बघितलं आणि एक सुई मलाही टोचली.

वाड्यात परतल्यावर सगळे जमले, तेव्हा मी धीर करून म्हणालो, “उस्ताद, गंगादादाला गावी पाठवलं तर? आईजवळ?”

सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी त्याला विहिरीत ढकला म्हणालो.

“रिकाम्या हातानं?” शेवंताअक्का म्हणाल्या. “बाप्या माणूस परगावाहून रिकाम्या हातानं गेला तर लोक काय म्हणतील, लेकरा? आईला काय तोंड दाखवंल त्यो?”

“डोकं बिघडून आलाय म्हणतील,” गुरुजी म्हणाले.

“डोकं बिघडलंच आहे ना त्याचं?” मी विचारलं.

“ते आपल्याला माहीत आहे. गावाला कशाला कळवायचं?”

शेवटी अक्कांनीच निकाल दिला. “पाणी मानवलं न्हाई त्याला. जन्माचं पाणी सुटलं की असं होतंय. माझ्या दिराला झालतं. गावच्या विहिरीचं पाणी आणून पाजा, खडखडीत बरा होईल.”

माणसाला गावी पाठवण्यापेक्षा गाव डब्यात भरून आणणं सोपं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. उस्तादांनी टर्पेंटाईनचा रिकामा डबा काढला, राखेनं, सोड्यानं, लिंबाच्या पाल्यानं घासून घेतला. “जा मियाँ. गंगारामच्या अम्मीला बोलायचं, लडका एकदम खुशाल आहे. हेडपेंटर झालाय. वजन वाढलंय. समजलं?”

“आन् पाणी कशाला पाहिजे म्हणून विचारलं तर?”

उस्तादांनी विचार केला. “बोल, आठवण आली. पाण्याची. अम्मीची न्हाई बोलायचं. ती घाबरंल.”

उस्तादांच्या बायकोनं, आमच्या खालांनी, वाटेत खायला धपाटे आणि लसणाची चटणी बांधून दिली. त्या चटणीचं ऋण माझ्यावर अजून आहे.

विष्णुपुरी

मी फार लवकर स्टँडवर जातो. गाडी चुकेल ही भीती असतेच, पण चुकीच्या गाडीत बसू ही त्याहून मोठी. त्या दिवशी तीन माणसांना आणि कंडक्टरला दोनदा विचारलं, गाडी नांदेडलाच जाते ना. कंडक्टर म्हणाला, “बापू, मी रोज जातोय. आज तुझ्यासाठी बदलू का?” मी त्याचेही आभार मानले.

चाकूर, अहमदपूर, लोहा. बाहेर बघण्यासारखं म्हणजे काळी रानं, त्यांत पडलेल्या भेगा, आणि हापशाभोवती लावलेल्या घागरींच्या रांगा. घागरी रांगेत उभ्या आणि माणसं सावलीत बसलेली. आमच्याकडं माणसं उन्हात उभी राहतात आणि घागर डोक्यावर असते. मला लातूरकडची पद्धत सुधारलेली वाटली.

विष्णुपुरीजवळ गाडी पंक्चर झाली. तिथं गोदावरीवर धरणाचं काम चाललं होतं. खाली उतरून कामगारांच्या पालांकडं गेलो. एका पालापुढं पाथरवटांचं कुटुंब बसलं होतं, तेलंगणातलं. त्यातल्या म्हाताऱ्यानं मला बसायला दगड दिला आणि विचारलं, “बागुन्नावा?”

आमचं गाव तेलंगणाच्या शिवेवरचं, म्हणून मला एवढं तेलुगू येतं. ‘बागुन्नावा’ म्हणजे बरा आहेस ना. त्यावर ‘बागुन्ना’ म्हणायचं, म्हणजे बरा आहे. ‘लेदु’ म्हणजे नाही, हाही शब्द आहे त्या भाषेत, पण या प्रश्नाला तो लावलेला मी कधी ऐकला नव्हता.

“बागुन्ना,” मी म्हणालो. छातीत धडधडत होतं, पण पद्धत म्हणजे पद्धत. मग मी त्यांना विचारलं. म्हाताऱ्याच्या हाताला चिंधी गुंडाळलेली, त्यातून रक्त पाझरलेलं. त्याची सून पालात पडून कण्हत होती. म्हातारा म्हणाला, “बागुन्ना, बागुन्ना.” पालातून सुनेचाही आवाज आला, “बागुन्ना.”

एवढं मोठं धरण बांधणारी इतकी माणसं, सगळी घरापासून लांब, आणि सगळी बरी. मला वाटलं, सरकारनं या ठिकाणी दवाखाना काढला नाही ते उगीच नाही.

त्यांनी गुळाचा काळा चहा दिला. मी धपाट्यातला अर्धा दिला. चव घेऊन म्हातारा हसला, तेव्हा मात्र तो खरंच बरा दिसला.

धर्माबाद

नांदेडहून रेल्वेनं धर्माबादेला उतरलो. इथला बाजार मिरचीचा. मोंढ्यात लाल मिरचीचे ढीग, आणि गावात शिरणारा प्रत्येक माणूस शिंकत शिरतो. मी शिंकलो आणि बरं वाटलं. लातुरात बोर्ड रंगवताना कधी अशी शिंक आली नाही. डोळ्यांतून पाणी आलं तेही मिरचीमुळंच, असं मी शेजारच्या हमालाला सांगितलं. त्यानं विचारलं नव्हतं.

तिथून पायी निघालो. डबा रिकामा, तरी दोन्ही हातांनी धरलेला.

आमचं गाव

गावात पोचलो तेव्हा टँकर आलेला होता. दुष्काळानं एक चांगलं केलं होतं: सगळं गाव एका रांगेत उभं होतं. आमचा बौद्धवाडा रांगेत शेवटी होता, एवढाच काय तो जुना फरक.

मला बघून पारावरची माणसं उठली. “लातूर जिल्हा झालं म्हनं. झालं म्हंजे काय झालं?”

“बोर्ड झाले,” मी म्हणालो.

“आन् पाणी?”

“पाण्याच्या टाकीवर बी बोर्ड लिहिलाय आम्ही.”

सगळ्यांनी समाधानानं माना हलवल्या. गावचं पोरगं टाकीवर लिहितं, ही काही लहान गोष्ट नाही.

घरी माझ्या आईनं अंबाडीची भाजी आणि भाकरी केली. मी बाहेर लई मजेत असतो, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, आम्ही बी मजेत हाव. बाप म्हणाला, सगळं झक्कास. एवढं झाल्यावर आम्हाला बोलायला काही उरलं नाही. मी जेवलो. जेवण असं होतं, की परत निघताना त्याची आठवण यायला नको म्हणून मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

मग गंगादादाच्या आईकडं, सोजरमावशीकडं गेलो. ती दारात बसली होती. उजव्या मनगटाला हळदीचं फडकं बांधलेलं.

“जयभीम मावशी. हाताला काय झालं?”

“काय न्हाई रे. टँकरपाशी पाय घसरला. गंग्या कसा हाय?”

माझं पाठांतर पक्कं होतं. “हेडपेंटर झालाय. वजन वाढलंय. अक्षर बघायला लोक थांबतात.”

शेवटचं तेवढं खरं होतं, म्हणून तेच मी दोनदा म्हणालो.

“बोलतो का रे नीट? ल्हानपणी लई बडबड्या व्हता.”

“बोलूनच राहिला दिवसभर. उस्ताद वैतागतात.”

ती हसली. मग मी डबा पुढं केला आणि म्हणालो, त्याला विहिरीच्या पाण्याची आठवण आली. मावशी डब्यात नाक घालून म्हणाली, “कशाचा वास येतो रे?”

“शहराचा,” मी म्हणालो.

ती आत गेली. मी परसात आलो. तिथला खुंटा रिकामा. कपिला गाय तिथं बांधलेली असायची. गंगादादा तिच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढायला शिकला होता. विहिरीपाशी जाऊन वाकून बघितलं. तळाला भेगाळलेला गाळ आणि त्यात रुतलेली कुणाची तरी बादली.

मावशीनं डाव्या हातानं रांजणातलं पाणी डब्यात ओतलं. टँकरचं. ते ओतताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

“त्याला सांग, विहिरीचं हाय. सांग, कपिला दूध देती. हाताचं सांगू नगंस. जिवाला लावून घेईल त्यो.”

“न्हाई सांगत,” मी म्हणालो. मला आता दोन्हीकडची खुशाली तोंडपाठ झाली होती.

परतीची गाडी

दुष्काळात भरलेला डबा मांडीवर घेऊन एसटीत बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. सगळी गाडी डब्याकडं बघत होती. लोह्याला एक पागोटंवाला चढला आणि सरळ म्हणाला, “पाहुणं, घोटभर द्या की.”

नाही कसं म्हणणार? त्यानं डबा तोंडाशी नेला, वास घेतला आणि हळूच परत दिला. “औषध हाय व्हय?”

“हाव,” मी म्हणालो. “औषधच हाय.”

“कशावर?”

आमच्याकडं या आजाराला नाव नाही, आणि नाव नसलेला आजार आपल्या माणसाला झालाय हे परक्याला कसं सांगायचं?

“पोटावर,” मी म्हणालो. मग दोघांनाही बरं वाटलं.

पुन्हा लातूर

वाड्यात सगळे जमले होते. अक्कांनी तांब्या घासून ठेवला होता. त्यात पाणी ओतलं. गंगादादा भिंतीला टेकून बसलेला. अक्का म्हणाल्या, “गंगाराम, हे बघ, तुझ्या गावच्या विहिरीचं हाय. घे बाबा.”

त्यानं एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. आणि कितीतरी दिवसांनी बोलला.

“ह्याला टर्पेंटाईनचा वास येतोय.”

“बोलला! बोलला रे!” शेवंताअक्का ओरडल्या. गुरुजींनी उस्तादांचा हात धरला. पण गंगादादा माझ्याकडंच बघत होता.

“विहिरीचं हाय?” त्यानं विचारलं.

मी म्हणणार होतो, हाव, विहिरीचंच. कपिला दूध देती. मावशी मजेत हाय. सगळं तयार होतं. पण धर्माबादेपासून छातीत जे अडकलं होतं ते तिथल्या शिंकेसारखं वर आलं आणि आधी बाहेर पडलं.

“न्हाई दादा. टँकरचं हाय. विहीर आटली. तळाला गाळ हाय नुसता. कपिलाचा खुंटा रिकामा. मावशी टँकरपाशी पडली, उजवा हात बांधलाय, डाव्या हातानं पाणी ओतलं तिनं. सांगू नगंस म्हणली. तू हेडपेंटर झालास म्हणून मी तिला खोटं सांगितलं. तू बोलतो का म्हणून विचारत व्हती.”

उस्तादांनी कपाळाला हात लावला. अक्का मला खुणावत होत्या, गप, गप. न्हावी म्हणाला, “अरे, असं सांगत्यात व्हय आजारी माणसाला?”

गंगादादानं तांब्या खाली ठेवला. “हात मोडला का नुसता मुरगळलाय?”

“मला न्हाई माहीत.”

“मग पाणी कोण आणून देतंय तिला? रांग तर लांब लागत असंल. आन् कपिला कुणाकडं दिली? मामाकडं? मामा कसला संभाळतो!” तो बोलत गेला, बोलत गेला, आणि मध्येच रडायला लागला. टकला, दाढी वाढलेला, मोठा बाप्या माणूस, भर वाड्यात, सगळ्यांसमोर, तोंड न झाकता.

आता सगळे घाबरले. गप्प माणूस वाड्याला चालून जात होता; रडणारा कुठं ठेवायचा, हे कुणाला कळेना. गुरुजी उठून समोरच्या घरी गेले. न्हावी खाली बघत राहिला. पाशाउस्ताद तेवढे त्याच्याजवळ जाऊन बसले आणि त्याच्या टकल्यावर हात ठेवून बसून राहिले. रडून झाल्यावर त्यानं खालांनी पाठवलेला चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला. मला विचारलं, अजून आहे का.

“बघा,” शेवंताअक्का विजयानं म्हणाल्या, “पाणी लागू पडलं!”

आता कुणीही काही म्हणो, लातुरात हीच गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढं महिनाभर लोक मला विचारायला येत होते. एकाला जालन्याचं पाणी हवं होतं, एकाला थेट कोकणातलं. त्यांना कितीदा सांगितलं, की पाणी टँकरचं होतं. ते म्हणायचे, “पण डबा कोणता व्हता?”

सकाळी उस्तादांनी ठरवलं. “गंगाराम, तू घरी जा. अम्मीचा हात बरा होईपर्यंत. बोर्ड कुठं पळत न्हाईत.”

“रिकाम्या हातानं?” गंगादादा म्हणाला.

अख्खा वाडा पुन्हा अडला. प्रश्न तर होताच. मग उस्तादांबरोबर आलेल्या खाला घरी गेल्या आणि नवा कोरा, झाकणाचा पितळी डबा आणि पाण्याचा हंडा घेऊन आल्या. त्यांच्या मोहल्ल्यात आदल्या दिवशी नळ आला होता. त्यांनी आपल्या हंड्यातून दोन तांबे ओतले. अक्का बघत राहिल्या. मग त्याही उठल्या, एक तांब्या ओतला. न्हाव्यानं दुकानातली अर्धी बादली आणली. गुरुजी खिडकीतून बघत होते, शेवटी तेही पेला घेऊन आले. डबा गळ्यापर्यंत भरला.

“आता हात रिकामा न्हाई,” उस्ताद म्हणाले.

स्टँडवर मी नेहमीसारखा फार लवकर पोचलो, म्हणून त्याला खिडकीची जागा मिळाली. तो आत बसला. मी खाली उभा.

“तुझ्या आईला काय सांगू?” त्यानं विचारलं.

माझं ठरलेलं उत्तर ओठावर होतं. तो थोडा हसला आणि आमच्या शिवेवरच्या बोलीत म्हणाला, “बागुन्नावा?”

खालांच्या घरचं जेवण, उस्तादांचा हात, अक्कांची खोली, सगळं मला आठवलं. किती दिलं या लातुरानं. आणि त्याबरोबर छातीतली ती धडधडही होती, जी त्यातल्या कशानंच कमी झाली नव्हती.

“लेदु,” मी म्हणालो.

पहिल्यांदाच म्हणालो. बाजूच्या कुणाला कळलं नाही, कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली.

“हाव,” गंगादादा म्हणाला. “तसंच सांगतो. जेवतोस तेवढं बी सांगतो.”

गाडी हलली. त्यानं मला हात केला नाही. डबा मांडीवर होता, आणि पाणी सांडू नये म्हणून दोन्ही हात त्यानं झाकणावर दाबून धरले होते.